ट्रकसाठी टॉर्क रेंच घेताय? आधी रेंज बघा

परवा हायवेला एका टायरवाल्याकडे पोरगा पान्याला लांब पाइप लावून, वर उभा राहून चाकाचे नट आवळत होता. नट किती आवळला गेला, हे त्याला तरी कुठे ठाऊक! जास्त झाला तर स्टड ताणला जातो, कमी पडला तर चाक हलतं.

आपली गाडी स्वतःच बघणाऱ्यांनी म्हणूनच टॉर्क रेंच घ्यावा.

आधी गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघा. पिकअपचे नट साधारण 100 ते 150 न्यूटन-मीटरचे. दहा स्टडच्या अवजड ट्रकचे बऱ्याचदा 600 च्या पुढे. पिकअपला अर्धा इंची, 40 ते 200 चा रेंच पुरतो. अवजड ट्रकला पाऊण किंवा एक इंची लागतो. दोन्हींना एकच घ्यायचा मोह टाळा, कारण क्लिकवाला रेंच त्याच्या कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांखाली भरवशाचा नसतो.

जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल, तर 9.8 ने गुणा.

डिजिटल छान, पण महाग. घरच्या कामाला माझं मत क्लिकलाच. 'कट्' ऐकू आलं की हात थांबवायचा. खात्रीसाठी परत ओढलं की मापाची वाट लागते.

नट सोडवायला हा रेंच वापरू नका, त्याला साधा पाना आहे. काम झालं की स्केलवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

काही अडलं तर गाडीचं मॉडेल लिहून विचारा.