माल्टा आणि गोझो : मुक्काम कोठे करावा

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे 93 किलोमीटर अंतरावर, भूमध्य समुद्राच्या मध्यभागी वसलेला माल्टा हा देश माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तीन बेटे धरूनही अवघा 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान आहे. इतक्या लहान देशात मुक्काम कोठे करावा हा प्रश्न गौण वाटणे साहजिक आहे, आणि सहली आखून देणारी मंडळीही बहुधा हेच सांगतात की कोठेही उतरा, तासा-दीड तासात हवे तेथे पोचता येते. अंतरापुरते हे म्हणणे खरे आहे. मात्र दिवसभर पर्यटकांनी फुललेल्या गावांचे खरे स्वरूप गर्दी येण्यापूर्वी आणि ओसरल्यानंतरच दिसते, आणि त्या वेळी प्रवासी ज्या गावात असेल तेवढेच गाव त्याच्या वाट्याला येते. म्हणून माल्टाच्या बाबतीत काय पाहावे याच्या आधी रात्र कोठे काढावी हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

हॉटेलांची सर्वांत मोठी दाटी स्लीमा, सेंट ज्युलियन्स आणि उत्तरेकडील बुजिब्बा या किनारी गावांत असल्यामुळे बहुतेकांचे आरक्षण तेथेच होते. समुद्रालगतचा लांबलचक पदपथ, उपाहारगृहे, रात्री उशिरापर्यंत चालणारी वर्दळ आणि बसची सोय या गोष्टी ज्यांना हव्या आहेत त्यांची तेथे गैरसोय होत नाही. तथापि स्लीमाच्या ज्या किनाऱ्यावर कधी काळी मधाच्या रंगाच्या चुनखडीची दुमजली घरे आणि त्यांचे रंगीत, लाकडी, बंदिस्त सज्जे दिसत, तेथे आता सदनिकांच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि मागच्या गल्ल्यांत बांधकामाच्या क्रेन सतत फिरत असतात. साडेपाच लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशात 2024 मध्ये 35 लाखांहून अधिक पर्यटक आले, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. पण कारण समजल्याने झालेले नुकसान भरून येत नाही, आणि सज्जे उतरवून ठेवलेली घरे पाहताना खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

देशाचा इतिहास सर्वश्रुत असल्याने येथे त्याचा धावता उल्लेख पुरेसा आहे. फिनिशियन, रोमन, अरब आणि नॉर्मन सत्तांनंतर 1530 मध्ये ही बेटे सेंट जॉनच्या सरदारांकडे, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळात उदयास आलेल्या लढवय्या ख्रिस्ती संघाकडे आली; 1565 चा उस्मानी वेढा त्यांनी परतवला, 1798 मध्ये नेपोलियनने त्यांना हुसकावले, त्यानंतर ब्रिटिश आले आणि 1964 मध्ये माल्टा स्वतंत्र झाला. या इतिहासात मुंबईशी जोडलेला एक दुवा मात्र सहसा सांगितला जात नाही. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील संघर्षाच्या वेळी, 1878 मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजाने माल्टाला आणले होते. आज तेथील रुग्णालयांत, हॉटेलांत आणि बसचालकाच्या जागेवर भारतीय माणसे दिसतात. त्यांच्या कितीतरी आधी या बंदरात उतरलेल्या त्या सैनिकांची आठवण मराठी प्रवाशाने ठेवायला हवी.

वेढ्यानंतर 1566 मध्ये ज्यां द व्हॅलेट या प्रमुख सरदाराने पायाभरणी केलेली व्हॅलेटा ही राजधानी मुक्कामासाठी स्लीमापेक्षा निश्चितच उजवी आहे. संपूर्ण शहर एका चौरस किलोमीटरहून लहान असल्याने सर्व काही पायी पाहता येते, सेंट जॉनच्या सह-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोने स्वतःची सही केलेले एकमेव ज्ञात चित्र आहे, आणि वेशीबाहेरच देशभरातील बसगाड्यांचे मुख्य स्थानक आहे. दिवसा क्रूझ जहाजांतून उतरलेल्या जथ्यांमुळे मुख्य रस्त्यावर चालणेही कठीण होते. पण संध्याकाळी ते परतले की उतरत्या गल्ल्यांच्या टोकाशी समुद्र दिसू लागतो आणि सज्ज्यांतून शेजाऱ्यांचे बोलणे ऐकू येते. बंदराच्या पलीकडील बिर्गू हे सरदारांचे पहिले ठाणे त्याहून निवांत असून भाडेही सहसा कमी पडते, आणि व्हॅलेटाला जाण्यासाठी तेथून लहान फेरीबोट किंवा ‘डायसा’ नावाची पारंपरिक होडी मिळते. जुनी राजधानी इमदीना तटबंदीच्या आत अतिशय देखणी आहे, पण तेथे वस्ती जेमतेम तीनशेच्या घरात असल्याने संध्याकाळची फेरी पुरेशी होते.

तरीही या देशात सुट्टीसाठी मुक्काम करण्याचे सर्वोत्तम ठिकाण कोणते असे विचारल्यास उत्तर गोझो हेच द्यावे लागेल. माल्टाच्या वायव्य टोकावरील चिर्केव्वा येथून फेरीबोटीने सुमारे पंचवीस मिनिटांत गोझोच्या इमजार बंदरात पोचता येते, आणि 2021 पासून व्हॅलेटाहून थेट जलद बोटही सुरू झाली आहे. प्रवास इतका सोपा असल्यामुळेच बहुसंख्य पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात, आणि 67 चौरस किलोमीटरच्या या बेटाचा जो भाग पाहण्यासारखा आहे तो न पाहताच जातात. गोझोत रात्र कोठे काढावी हा प्रश्न पूर्वी राजाज्ञेचा विषय होता, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. 1551 मध्ये उस्मानी आरमाराने या बेटावर हल्ला करून सुमारे पाच हजार लोकांना, म्हणजे जवळजवळ सगळ्या वस्तीला, गुलाम करून नेले. त्यानंतर पुन्हा वसलेल्या लोकांवर रात्री बेटाच्या मध्यावरील किल्ल्यात, ज्याला सिताडेला म्हणतात, झोपण्याची सक्ती होती आणि ती 1637 पर्यंत टिकली. किल्ल्याच्या तटावर उभे राहिले असता सगळे बेट एका नजरेत येते, आणि सूर्यास्ताला शेतांतून या चढावर परतणाऱ्या कुटुंबांची कल्पना करणे अवघड जात नाही.

आज प्रवाशांना भाड्याने मिळणारी गोझोची शेतघरे ही त्या सक्तीनंतर निर्धास्त झालेल्या समाजाची निर्मिती आहे. आर्ब, सान लॉरेन्स, शारा अशा गावांतील या घरांना जाड दगडी भिंती, कमानींवर तोललेले दगडी फरशांचे छत आणि मध्ये चौक असतो. पूर्वी खाली गुरे आणि वर माणसे राहत, आता खालच्या दालनांत स्वयंपाकघर आणि बैठक आहे. दोन कुटुंबे मिळून असे घर घेतल्यास खर्च हॉटेलच्या आत बसतो आणि स्वतःचा स्वयंपाक करता येतो, जी सोय शाकाहारी मराठी कुटुंबांना विशेष उपयोगी आहे. बाहेर खायचे झाल्यास पास्तित्सी, म्हणजे रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरलेली पापुद्र्यांची खुसखुशीत करंजी, कोणत्याही नाक्यावर गरम मिळते.

गोझोचा उत्तर किनारा मात्र सवडीने पाहावा असा आहे, कारण मार्सालफोर्न गावापासून पश्चिमेकडे श्वेयनीच्या उपसागरापलीकडे गेल्यावर सुमारे तीन किलोमीटरपर्यंत खडकात कोरलेली मिठागरे दिसतात. उरण-पेणच्या मिठागरांत चिखलमातीचे बांध घालून खाडीचे पाणी अडवतात. येथे मातीचा संबंध नाही, समुद्रालगतच्या पिवळट चुनखडीच्या सपाट पृष्ठावरच छिन्नीने शेकडो चौकोनी कुंडे खोदलेली आहेत. सुमारे साडेतीनशे वर्षांपासून वापरात असलेल्या या कुंडांचे काम काही मोजकी कुटुंबे पिढ्यानपिढ्या सांभाळत आली आहेत. समुद्राच्या बाजूच्या मोठ्या, खोल कुंडांत आधी पाणी साठवतात. उन्हाने तापून ते पुरेसे खारट झाले की वरच्या उथळ कुंडांत सोडतात, आणि साधारण आठवड्याभरात त्यांच्या तळाशी मिठाचे स्फटिक धरतात.

ऊन फार चढण्याआधी मीठ काढणारा कारागीर अनवाणी कुंडात उतरतो आणि रुंद झाडूने कडेचे स्फटिक मध्यभागी ओढत आणतो. झाडू खडकावर टेकेल पण खडक खरवडणार नाही इतपतच दाब त्याला द्यावा लागतो, कारण चुनखडीची भुकटी मिसळली की मिठाचा शुभ्रपणा जातो. लहान ढीग झाले की त्यांतले उरलेले पाणी निथळू दिले जाते, मग बादल्यांतून मोठा ढीग करून तो झाकतात आणि शेवटी रस्त्याच्या पलीकडे कड्यात कोरलेल्या खोलीत पोत्यांतून साठवतात. हंगाम मे ते सप्टेंबर एवढाच, आणि तयार कुंडावर पावसाची एक सर आली तरी आठवड्याचे काम विरघळून जाते. म्हणून बोलता बोलताही कारागिराची नजर वायव्येच्या ढगांकडे वळत असते. कड्यातील त्याच खोलीच्या दाराशी मिठाच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या असतात. गोझोतून काही आणायचे असेल तर विमानतळावरील शोभेच्या वस्तूंपेक्षा हे मीठ आणावे.

याच किनाऱ्याशी निगडित एक दंतकथा तेथे आवर्जून सांगितली जाते. माल्टाहून आलेल्या एका घड्याळजीची गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर उंच कड्यावर जमीन होती. कड्याच्या पोटात समुद्राची एक गुहा असल्याचे कळल्यावर त्याने जमिनीतून गुहेपर्यंत उभे विवर खणले, वर कुंडे कोरली आणि विवरातून पाणी उपसून मीठ पिकवण्याचा बेत केला. परंतु सच्छिद्र खडकाने पाणी शोषून घेतले आणि मिठाऐवजी ओलसर खडक तेवढा उरला. पुढे हिवाळ्यात वादळ उठले तेव्हा गुहेत घुसलेल्या लाटांचे पाणी त्या विवरातून कारंज्यासारखे उसळले आणि वाऱ्याबरोबर शेतांवर पसरून सारे पीक खारावले. शेतकऱ्यांनी घड्याळजीवर फिर्याद केली, त्या धक्क्याने तो मेला, आणि गावकऱ्यांनी विवरात दगड भरून ते बुजवले. तरी वादळी रात्री जमिनीखालून येणारी घरघर ही त्याच्याच आत्म्याची तळमळ आहे असे म्हणतात. गोझोत राहून लेखन करणाऱ्या निकोलस मॉन्सरात या इंग्रज कादंबरीकाराने 1973 च्या ‘द कॅपिलान ऑफ माल्टा’ या कादंबरीत ही कथा घेतली आणि ती बेटाबाहेर पोचली. कथा खरी असो वा नसो, हा समुद्र केव्हा देतो आणि केव्हा हिरावून घेतो याचे स्थानिकांना असलेले भान तिच्यात पुरेपूर उतरले आहे.

त्या भानाचा अभाव पर्यटनात दिसतो. गोझोच्या द्वेयरा किनाऱ्यावरील ‘अझूर विंडो’ ही प्रचंड नैसर्गिक कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. ती लाटांनी पाडली हे खरे, पण तिच्यावर चालण्यास बंदी असतानाही लोक अखेरपर्यंत वर चढत होते. श्वेयनीच्या मिठागरांत पाय ठेवू नये अशा सूचना लावल्या आहेत, आणि तरीही छायाचित्रासाठी बूट घालून भरल्या कुंडात उतरणारे पर्यटक आढळतात. कोमिनोच्या ‘ब्लू लगून’ या निळ्याशार उथळ पाण्यावर तर इतकी झुंबड उडाली की 2025 पासून तेथे जाण्यासाठी आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली. दुपारच्या बोटीने तेथे जाऊन उभे राहण्यापुरतीही जागा न मिळण्यापेक्षा गोझोच्या तांबूस वाळूच्या रामला किनाऱ्यावर सकाळी पोहणे केव्हाही चांगले.

मुंबईहून थेट विमान नसल्याने दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातील एखाद्या शहरामार्गे जावे लागते, आणि शेंगेन व्हिसा आवश्यक असतो. वाहने डावीकडून चालतात आणि इंग्रजी ही अधिकृत भाषांपैकी एक आहे, त्यामुळे मोटार भाड्याने घेणे भारतीयांना जड जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असह्य होते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत समुद्र उबदार राहतो आणि गर्दी उतरते. उन्हाळ्यात घर ठरवताना त्या गावच्या ‘फेस्ता’ची, म्हणजे ग्रामसंताच्या जत्रेची, तारीख विचारून घ्यावी: आतषबाजी आणि बँड पाहण्यासारखे असतात, पण सकाळपासून उडणाऱ्या दारूकामात लहान मुलांना झोप मिळत नाही. हाल साफ्लियेनी येथील पाच हजार वर्षांपूर्वीच्या भूमिगत दफनस्थळात तासाला दहाच जणांना सोडतात, तेव्हा त्याचे तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढावे. आठवड्याभराच्या सुट्टीत तीन रात्री व्हॅलेटा किंवा बिर्गू येथे आणि उरलेल्या सर्व गोझोत काढाव्यात, आणि श्वेयनीला जाल तेव्हा मिठाच्या कुंडांच्या कडेनेच चालावे.