प्लमची खरी शिरगणती

सर्बियात ज्या निळसर-जांभळ्या प्लमला ‘पोझेगाचा’ किंवा ‘बिस्त्रित्सा’ म्हणतात, तेच जर्मन मुलखात ‘हाउसत्स्वेट्शे’ या नावाने ओळखले जाते. फ्रान्समध्ये याच्या नेमके उलटे. तिथे ‘रेन क्लोद’ या राणीच्या नावाखाली हिरव्या फळांचे झाड येते आणि त्याच्या बीपासून निपजलेले मानले जाणारे, लालसर-जांभळ्या फळांचे ‘रेन क्लोद दाल्तान’ही येते. एखाद्या संग्रहात 200 पाट्या असल्या म्हणजे 200 जाती जपल्या, असा हिशेब म्हणूनच धरता येत नाही. जागा आणि पैसा मर्यादित असताना कोणती झाडे राखायची हे पाट्या पाहून ठरवू नये; आधी डीएनए तपासावा.

तपासणीचे तत्त्व सोपे आहे. डीएनएत काही ठिकाणी दोन ते सहा अक्षरांचा एखादा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे बीपासून वाढलेल्या झाडागणिक बदलते. कलमांत मात्र सहसा तसेच उतरते. कोरोनाकाळात ज्याचे नाव घरोघरी पोचले त्या पीसीआर तंत्राने त्या जागांच्या प्रती वाढवायच्या आणि लांबी मोजायची. अशा अनेक जागा मिळून झाडाची ओळख ठरते. युरोपीय प्लम इथे थोडा छळतो. हिमाचलात लावल्या जाणाऱ्या, जपानी वंशाच्या ‘सांता रोझा’त गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे 16 गुणसूत्रे असतात, युरोपीय प्लममध्ये सहा संच, म्हणजे 48. एकाच जागी सहापर्यंत वेगवेगळ्या लांब्या सापडू शकतात. तीनच सापडल्या, तर त्यांतली कोणती किती वेळा आली हे सांगणे अवघड. त्यामुळे बहुधा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद होते. माप जरा भरड खरे, पण ओळख पटवायला पुरेसे.

मुरलेला बागायतदार यावर हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो, फळ आधी पिकते, तरी डीएनएच्या खुणा त्याच राहतात. तेव्हा खुणा जुळल्या म्हणून झाड तोडू नये, आधी दोन-तीन हंगाम फळ पाहावे. दुसरी हरकत अशी की या खुणा चव किंवा रोगप्रतिकार सांगत नाहीत. सहसा नाहीच सांगत. पण पोझेगाचाचेच पाहा. मावा कीड पसरवते त्या ‘शार्का’ या विषाणुरोगाला ही जात फार लवकर बळी पडते. दिमितर अतानासोव्ह यांनी बल्गेरियात 1932 मध्ये या रोगाचे वर्णन केले होते. एकाच झाडाची कलमे मुलूखभर असली, की एकाला जे मारते ते सगळ्यांना मारते. नव्या संकरासाठी नात्याबाहेरची झाडे लागतात, आणि नाते ओळखायला या खुणा नेमक्या उपयोगी पडतात. म्हणून नमुने गोळा करताना नामवंत जातींच्या आधी बांधावर आपोआप उगवलेल्या, कुणीच नाव न दिलेल्या रोपांची पाने घ्यावीत. नावांच्या यादीत ती कधी येतच नाहीत.