भटारखान्यातली नायिका

उत्तम स्वयंपाकाला आपल्या भाषेने नाव दिले ते 'नळपाक'. विराटाच्या घरी अज्ञातवासात पळी हाती घेतली तीही भीमाने, द्रौपदीने नव्हे! रोजची चूल फुंकायची मात्र बाईने. पुरुषाने रांधले की ती कला आणि बाईने रांधले की ते काम, ही वाटणी जुनीच. मौज अशी, की उपाहारगृहाच्या भटारखान्यात शिरलेल्या बोलपटांनीही ती बहुधा मुकाट्याने उचलली आहे.

'चीनी कम' (२००७) मधले अमिताभ बच्चनांचे बुद्धदेव गुप्ता आठवा. लंडनमधले हे चौसष्ट वर्षांचे बल्लवाचार्य हाताखालच्या माणसांवर सदा गुरगुरतात आणि आपण हसतो. एवढा मोठा कलावंत, तिरसट असायचाच! आता त्यांच्या शेजारी 'बेला मार्था' हा २००१ सालचा जर्मन चित्रपट ठेवून पाहा. दिग्दर्शिका सांड्रा नेटलबेक. हॅम्बर्गमधली मार्थाही तशीच निष्णात आणि तशीच तापट. गिऱ्हाइकाने पदार्थाला नाव ठेवले, की ही थेट टेबलापाशी जाऊन भांडणार. पण तिच्या तापटपणाला कोणी लहरीपणा म्हणून सोडून देत नाही. मालकीण तिला मानसोपचारासाठी धाडते. पुढे पोरकी भाची आणि हसतमुख इटालियन आचारी आयुष्यात येतात, तेव्हा कुठे बाई मऊ होते. चित्रपट गोड आहे, मीही दोनदा पाहिला. प्रेमात पडून बुद्धदेवही निवळतात, हे खरे. पण त्यांना कोणी डॉक्टरकडे धाडले नव्हते!

'रॅटाटूई' (२००७) हा व्यंगपट अधिक चतुर. पॅरिसच्या भटारखान्यातली एकुलती एक बाई, कोलेत, ठणकावून सांगते, की इथले नियम म्हाताऱ्या पुरुषांनी केले आणि बायकांना दार बंद झाले. छान! मग त्या भटारखान्याचा खरा कर्ता कोण ठरतो? तर उंदीर! वास्तविक त्याच फ्रान्सात, लियाँच्या यूजेनी ब्राझिए या बाईंनी १९३३ साली आपल्या दोन उपाहारगृहांसाठी प्रत्येकी तीन, असे मिशलँचे सहा तारे मिळवले होते. पुढे जगभर गाजलेले पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याच हाताखाली राबले.

आपल्याकडे सचिन कुंडलकरांच्या 'गुलाबजाम'मध्ये (२०१८) आदित्य लंडनमधली बँकेची नोकरी सोडून पुण्याला येतो आणि डबे करून देणाऱ्या राधेकडे मराठी स्वयंपाक शिकतो. बाई गुरू, पुरुष शिष्य. हे नाते इतक्या अदबीने रंगवणारा चित्रपट विरळा. तरी लंडनला उपाहारगृह काढण्याचे स्वप्न आदित्यचेच.

आणि मुंबईच्या गिरणगावातल्या त्या खानावळवाल्या बाया? गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे त्यांचे तवे तापत. किराणा उधारीचा, कर्ज सावकाराचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना एकत्र आणले आणि बँकेचे दार दाखवले. त्यात भांडण आहे, हिशेब आहे, विनोद आहे आणि मासळीच्या कालवणाचा वासही आहे. कोणी निर्माता हा मजकूर वाचत असेल, तर आमच्या घरची पाच तिकिटे आत्ताच राखून ठेवावीत!