कट, काहील आणि कट्टा

देशात कुठल्याही शहरातल्या हॉटेलात जा, मेनूकार्डावर ‘व्हेज कोल्हापुरी’ असतेच. लालभडक रस्सा, त्यात फ्लॉवर, गाजर, वाटाणा आणि वर तळलेली एक उभी मिरची. कोल्हापूरच्या घराघरांतून मात्र या नावाची भाजी शिजत नाही. इथल्या बाईला तुम्ही ती करायला सांगितलीत तर ती आधी विचारेल, ‘म्हणजे नेमकी कशाची?’ आणि मग चुलीवरची वांगी उतरवून तुमच्या ताटात वाढेल. कोल्हापूरचं शाकाहारी जेवण ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांनी सुरुवात त्या वांग्यापासून करावी, मेनूकार्डापासून नको.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं नाव एवढं मोठं झालं आहे की, शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत असेल असा बाहेरच्यांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. मटण खाणाऱ्या घरातही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात, कुणी जोतिबाचा रविवार पाळतं, कुणी अंबाबाईचा मंगळवार नाही तर शुक्रवार. श्रावण आहेच. शिरोळ, हातकणंगले भागात जैन शेतकऱ्यांची गावंच्या गावं आहेत. गडहिंग्लज, कागल पट्ट्यात लिंगायत घरं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार न करणाऱ्या या शेतकरी स्वयंपाकघरांनी कोल्हापूरच्या चवीला जे दिलं त्याची दखल फारशी कुणी घेतलेली नाही. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, दह्यात कालवलेला खर्डा: हे सगळं रस्त्यावरच्या पाटीवर सहसा दिसत नाही, पण जिल्ह्याचं रोजचं जेवण हेच आहे.

मला वाटतं, ही चव तीन गोष्टींवर उभी आहे: मिरची, गूळ आणि दूध. तिन्ही बहुतांशी इथल्याच मातीत आणि गोठ्यात तयार होतात, आणि तिन्ही एकमेकींना सावरून धरतात. नुसती मिरची पाहणाऱ्याला कोल्हापूर तिखट वाटतं.

मिरचीचं काम उन्हाळ्यात सुरू होतं. कोल्हापुरात घरच्या मसाल्याला चटणीच म्हणतात, आणि एप्रिल-मे महिन्यात वर्षाची चटणी करणं हा घरातला मोठा उद्योग असतो. रंगासाठी ब्याडगी, चव आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा दुसरी एखादी जवारी मिरची. तिचे देठ खुडायचे, कडक उन्हात वाळवायची. धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं आणि गरम मसाले वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. मग सगळं डंकावर कुटून आणायचं आणि त्यात कांदा-लसूण घालायचा. गल्लीत डंक सुरू असला की लांबूनच ठसका लागतो. प्रमाण घराघराचं वेगळं असतं आणि सासूकडून सुनेकडे जातं. पुढे वर्षभर आमटी, उसळ, वांगी, पिठलं, सगळ्यांत हीच एक चटणी पडते. मटणाच्या रश्श्यातही हीच असते. म्हणून कोल्हापूरचा शाकाहार हा मांसाहाराची उणीव भरून काढायला केलेला पर्याय वाटत नाही. दोघांचा मसाला एका डब्यातला आहे.

या चटणीचं सार्वजनिक रूप म्हणजे मिसळीचा कट. कांदा, सुकं खोबरं, तीळ यांचं भाजून केलेलं वाटण तेलात परततात, चटणी घालतात, पाणी घालून उकळी येऊ देतात. तेल वर येऊन लाल थर धरतं तो कट. ताटलीत तळाला मटकीची उसळ, कुठे तिच्या जोडीला बटाट्याची भाजी, त्यावर चिवडा-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि वरून कट. सोबत मुंबईसारखा लादीपाव नसतो, इथे स्लाइस ब्रेड लागतो. पावापेक्षा तो कट जास्त शोषून घेतो आणि चटकन मोडत नाही, त्यामुळे या पातळ रश्श्याला तोच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. मधेच कुणी तरी हाक मारतो, ‘मामा, कट वाढा की जरा!’ आणि वाढपी बादली घेऊन येतो. तोच कट वड्यावर ओतला की कटवडा होतो.

शिवाजी उद्यमनगरातली फडतरे मिसळ, कसबा बावड्याची बावडा मिसळ, चोरगे, खासबाग, अशी नावं प्रत्येक कोल्हापूरकर आपापल्या क्रमाने सांगतो आणि त्यावर वाद घालतो. त्या वादात मी पडणार नाही. पण उद्यमनगर ही जागा लक्षात घेण्यासारखी आहे. हा लेथ मशीन, फौंड्री, सुट्या भागांचा परिसर. सकाळी कामावर उभं राहण्याआधी स्वस्त, गरम आणि दुपारपर्यंत टिकणारं खाणं हवं, ती गरज मोड आलेल्या मटकीने भागवली. चांगल्या कटाची माझी परीक्षा सोपी आहे. पहिला झटका ओसरल्यावर भाजलेल्या खोबऱ्याची आणि कांद्याची गोडी जिभेवर उरली पाहिजे. ती नसेल तर ते नुसतं तिखट पाणी.

बाहेर जाऊन, बाकावर शेजारी-शेजारी बसून खाण्याला या शहरात आणखी एक इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना, सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात कोण पाऊल टाकणार, हा प्रश्न होताच. महाराज लवाजमा घेऊन तिथे जात, सर्वांसमोर गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. शाकाहाराच्या नावाखाली या देशात शिवाशीव फार पाळली गेली. कोल्हापूरच्या खाण्याबद्दल लिहिताना तो चहा वगळता येणार नाही. आज मिसळीच्या बाकावर शेजारी कोण बसलं आहे हे कुणी विचारत नाही, त्याची किंमत कुणी तरी आधी मोजलेली आहे.

गुळाची गोष्टही शाहू महाराजांपर्यंत जाते. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम त्यांनी हाती घेतलं आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उसाला पाण्याची खात्री झाली. दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. ३० किलोच्या ढेपा, म्हणजे रवे, रचलेले असतात, आणि त्यातला पुष्कळसा माल गुजरातेत जातो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण गूळ पाहायचा तो गुऱ्हाळावर. घाण्यातून निघालेला रस मोठ्या काहिलीत येतो. खाली चुलवणात वाळलेल्या चिपाडांचा जाळ असतो. उसाचा रस आटवायला उसाचंच जळण, यापेक्षा काटकसरीची भट्टी मी पाहिलेली नाही. रस तापू लागला की त्यात रानभेंडीच्या खोडांचा बुळबुळीत रस घालतात. तो रसातली घाण धरून वर आणतो, ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. थोडी चुन्याची निवळी पडते, रसाचा आंबटपणा मारायला. मग आटणं सुरू होतं. आधी मोठे बुडबुडे, मग दाट फेस, मग जड, आळशी फुगे. या टप्प्यावर सगळे गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कसबी माणसाच्या, तोंडाकडे पाहत असतात. तो रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो. रस साधारण ११८ अंशांपर्यंत तापलेला असतो, पण गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. त्याने मान हलवली की माणसं काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ खड्ड्यात, ओततात, फावड्यांनी घोटतात आणि घट्ट होऊ लागलेला गूळ कापड घातलेल्या साच्यांत भरतात. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. गुळव्याच्या या एका निर्णयावर एवढा सगळा ऊस आणि दिवसभराची मेहनत टांगलेली असते.

गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याला न मागता रस मिळतो, वाफ्यातला ऊन गूळ शेंगदाण्यांबरोबर मिळतो, आणि बाटली नेली असेल तर काकवी, म्हणजे दाट पाकासारखा पातळ गूळ. ही काकवी तुपासोबत चपातीला लावून खावी. पिवळाधमक गूळ चांगला, हा बाजाराने लावलेला चुकीचा धडा आहे. त्या रंगाच्या हौसेपायी हायड्रोस पावडर वापरली जाते. तांबूस-काळपट गुळाला खरी चव असते, आणि तो मागून घेणारं गिऱ्हाईक वाढलं तरच तसा गूळ करणारे टिकतील. गुऱ्हाळं कमी होत आहेत. मजूर मिळत नाहीत, कारखान्याला ऊस घालणं सोपं पडतं, आणि गुळव्याचं काम शिकायला तरुण पोरं येत नाहीत.

घरात हा गूळ सणाला खरा दिसतो. बैलांच्या सणाला, म्हणजे बेंदराला, आणि होळीला पुरणपोळी होते, आणि तिच्यासोबत इथे गुळवणी असते: गुळाचं पातळ, वेलदोड्याच्या वासाचं गोड पाणी. पोळी त्यात बुडवून खायची. शेजारच्या वाटीत कटाची आमटी. पुरणाच्या डाळीचं पाणी काढून, चटणी आणि खोबरं घालून केलेली. एक घास गुळवणीत, एक घास आमटीत. कोल्हापूरच्या तिखटाचं गणित त्या दोन वाट्यांमध्ये कळतं.

दुधाचं तर या शहराला वेड आहे. गंगावेशीसारख्या ठिकाणी दूध कट्टा भरतो. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळता पेला हातात देतात. शेजारी गंगावेस तालीम. ही पैलवानांची गरज होती. कसदार म्हशीचं दूध, बदाम-खसखस घोटून केलेली थंडाई, आणि जोर-बैठका. पुढे पैलवान नसलेले लोकही रांगेत उभे राहू लागले. निरसं दूध सोसत नसेल त्याने घरी नेऊन तापवून प्यावं, चव तरीही कळते. दिवाळीत गवळी म्हशींना सजवून मिरवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं बांधतात, आणि मालकाच्या हाकेला म्हैस धावत येते तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे चमकतात. १९६३ साली जिल्हा दूध संघ सुरू झाला, त्याचं गोकुळ हे नाव आज मुंबईतल्या घरांत पोचलं आहे. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारातून वारणेचं श्रीखंड आलं. पण कट्ट्यावरची म्हैस अजून कट्ट्यावर आहे, आणि ती तिथे राहावी असं मला मनापासून वाटतं.

खासबागेची भेळ संध्याकाळसाठी राखून ठेवावी. राजाभाऊंचं नाव त्यासाठी पुरेसं आहे. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर घ्यावा. त्याचा वास भात शिजताना शेजारच्या घरात जातो, आणि २०१६ साली त्यालाही मानांकन मिळालं आहे. महामार्गावरच्या ढाब्यांवर अख्खा मसूर आणि रोटी मिळते, तीही चांगली.

शेवटी नरसोबाची वाडी. कोल्हापूरहून पूर्वेला सुमारे ५० किलोमीटर, पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथे. वाटेवर उसाची शेतं, काठावर वांग्याचे मळे. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत ज्याने खाल्लं त्याला दुसरीकडचं वांगं पाणचट लागतं. वाडीत दत्ताच्या पादुकांचं दर्शन झालं की लोक दुकानांकडे वळतात. दाट, किंचित गुलाबी झालेली बासुंदी, पेढे, आणि कवठाची बर्फी. कवठ हे आंबट, उग्र वासाचं फळ. त्याची बर्फी करण्याचं धाडस इथल्या हलवायांनी केलं आणि साखरेने त्याचा आंबटपणा मरू दिला नाही. पहिला तुकडा जिभेला चकवतो, दुसरा मागावा लागतो.

पावसाळ्यात नदी मंदिरात शिरते आणि २०१९, २०२१ सारख्या वर्षी बाजारही पाण्याखाली जातो. म्हणून यायचं तर कार्तिकापासून माघापर्यंत यावं. तेव्हा गुऱ्हाळं पेटलेली असतात, वांगी कोवळी असतात. सकाळी उद्यमनगरात मिसळ खावी, दुपारी एखाद्या गुऱ्हाळावर थांबावं, वाडीला सांजआरतीच्या आधी पोचावं. आणि येताना रिकामी बाटली आणायला विसरू नये, काकवी न्यायला.