खळं गेलं, घाई आली

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सोयाबीन कापून गंजी घातलेली. गंजीवर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड आणि घरातल्या सगळ्यांची नजर आभाळाकडे. मळणी मशीनवाल्याला सकाळपासून हा चौथा फोन. "निघालोच वहिनी, दोनच वावरं राहिलीत." हे उत्तर आता निपाणी भागातल्या घराघरात पाठ झालंय. त्या दोन वावरांची चार होतात, संध्याकाळची मध्यरात्र होते आणि मशीन आलं की मग कुणाला जेवायचीही सवड राहत नाही.

माझं माहेर हुक्केरी तालुक्यातलं, घरात कन्नड. सासर वेदगंगेकाठचं, घरात मराठी. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत मी अंगणातून ओरडले होते, "मळे बंतू, मळे बंतू!" पाऊस आला, असं मला सांगायचं होतं. सासूबाईंना वाटलं मळ्यातनं कुणी आलं. त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या आणि अंगणातली मिरची भिजली! आमच्याकडं ती गोष्ट अजून दर पावसाळ्यात निघते.

सुगीचे शब्द मात्र मला फार शिकावे लागले नाहीत. माहेरी ज्याला 'कण' म्हणत त्याला इथं खळं म्हणतात, तिथली 'मेटी' ती इथला तिवडा. जोळ म्हणजे शाळू, कणकी म्हणजे कडबा. आणि रास? ती दोन्हीकडं रासच. तिथं राशीची पूजा व्हायची, इथंही होते.

महिन्याचं काम एका रात्रीत

खळ्याचे दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. जमीन चोपून, शेणानं सारवून खळं करायचं, तिवड्याभोवती बैलांची पात फिरवायची, मग वाऱ्याची वाट बघत तिवईवर उभं राहून उपणायचं. वारा पडला की काम थांबलं. हात सोलायचे, डोळ्यांत कुसं जायची आणि बायकांची पाठ तर पाडव्यापर्यंत सरळ होत नसे. मशीन आलं आणि महिन्याचं काम एका रात्रीवर आलं. त्याचे उपकार मानलेच पाहिजेत.

पिकंही बदलली. ज्या तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली निपाणीत शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, त्या तंबाखूच्या कितीतरी रानांत आज ऊस आणि सोयाबीन आहे. सोयाबीनची तऱ्हा अशी की ते थांबत नाही. वाळलेलं पीक चार दिवस जास्त उभं राहिलं की शेंगा तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. कापून ठेवलं आणि पाऊस लागला तर शेंगेतच कोंब येतात. त्यामुळं सगळ्या शिवाराला मशीन एकाच आठवड्यात हवं असतं. गावात मशीन तीन आणि गंज्या शंभर. घाई सुरू होते ती इथून.

मशीनवाल्याचा हिशेबही पोत्यावर. जितकी पोती जास्त, तितकी त्याची कमाई. म्हणून तो रात्र-रात्र मळतो, ड्रमचे फेरे वाढवतो आणि पट्टा तुटला तर अंधारातच जोडतो. त्याच्याही डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता असतो. नुसता त्याला दोष देऊन भागायचं नाही.

भावजींचा उजवा हात

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारा वर्षांपूर्वी, शाळूच्या सुगीत, आमच्या खळ्यावर मशीन आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्या दिवसातलं ते त्याचं चौथं घर. जिथून कणसं आत ढकलायची त्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण मशीनवाल्यानं आधीच काढून टाकलेलं होतं. का, तर "कोंबायला अडतं, वेळ जातो." आमच्यातल्या कुणीही त्याला ते परत बसव म्हटलं नाही. आम्हालाही घाईच होती. माझे धाकटे दीर घास घालत होते. कणसांची एक मूठ अडकली, ती त्यांनी हातानंच आत रेटली. मी पोतं धरून पलीकडं उभी होते. मला ओरडणं ऐकू आलं नाही, मशीनचा आवाजच तेवढा होता. फक्त ट्रॅक्टर बंद झालेला कळला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. बेळगावला न्यायला दीड तास लागला. तुटलेली बोटं सोबत न्यायची असतात हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून इथं मुद्दाम लिहिते. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं आणि हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचं तोंड बांधावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट बोटाला लावू नये. आणि उशीर न करता जिथं शस्त्रक्रियेची सोय आहे तिथं गाठावं.

नंतर कळलं ते अधिक चटका लावणारं होतं. अशा अपघातांसाठी आपल्या देशात १९८३ सालीच धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा झालेला आहे आणि मळणी यंत्र त्यात येतं. घास घालायच्या तोंडाचं मापही भारतीय मानकात ठरलेलं आहे. पन्हळ कमीत कमी ९० सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा ड्रमकडचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. कारण साधं आहे. माणसाचा हात आत गेला तरी तो ड्रमपर्यंत पोचू नये. ते पत्र्याचं झाकण म्हणजे भावजींची बोटं होती, असंच म्हणायला हवं. सुगीत शिवारातून फिरून या, किती मशीनवर ते शाबूत आहे ते मोजा.

घाई दाण्यालाही लागते

घाईत हात जातो, तसा दाणाही जातो. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ. ड्रम जोरात फिरला की दाण्याची डाळ होते, आणि वरून अख्खा दिसणारा दाणाही आतून दुखावतो. असं बियाणं पेरलं की उगवत नाही, मग आपण दुकानदाराला बोल लावतो. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवावेत असा सल्ला असतो. त्यासाठी पुली बदलावी लागते आणि पुली बदलायला अर्धा तास जातो. तो अर्धा तासच कुणी देत नाही.

ओलाव्याचंही तसंच. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. घाईत ओलंच मळलं की बाजारात भाव पडतो, पोत्यात बुरशी धरते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखाली विकायची पाळी अनेकांवर आली. अशा वेळी डाळ झालेला, ओला दाणा घेऊन गेलं तर व्यापाऱ्याला आणखी एक कारण मिळतं. सासूबाईंची परीक्षा सोपी आहे. दाणा दाताखाली धरायचा. दबला तर ओला, कटकन फुटला तर मळा.

शाळूची गोष्ट आणखी वेगळी. हार्वेस्टर रान भराभरा मोकळं करतो, पण कडबा हाती लागत नाही, ताटांचा चुरा रानभर पसरतो. ज्याच्या दारात जनावर नाही त्याला त्याचं काही वाटणार नाही. आमच्याकडं दोन म्हशी आहेत, उन्हाळा काढायचा तो कडब्यावरच. शिवाय भावाभावांत वाटण्या होऊन रानं एवढी अरुंद झालीत की मोठं मशीन वळायलाच जागा नसते. म्हणून शाळू आम्ही अजून माणसं लावून काढतो, पेंढ्या बांधतो आणि फक्त कणसं मशीनला देतो.

उपाय नाहीत असं नाही. कर्नाटकात २०१४-१५ पासून 'कृषी यंत्रधारे' योजनेत भाड्यानं यंत्रं देणारी केंद्रं निघाली, पलीकडं महाराष्ट्रात अवजारे बँका आहेत. पाच-सहा घरांनी मिळून आपल्या गंज्यांचा नंबर आधीच ठरवला, रात्री मळायचं नाही असं एकमुखानं सांगितलं, तर मशीनवाल्यालाही ऐकावं लागतं. आम्ही आमच्या गल्लीत तसंच करतो. पावसाची धास्ती असते, नाही असं नाही. पण चांगली ताडपत्री बोटांपेक्षा स्वस्त मिळते.

यंदाची सुगी

यंदा मशीन आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. भावजी आधीच येऊन उभे होते. आता ते घास घालत नाहीत, पण मशीन सुरू व्हायच्या आधी एक फेरी मारतात. पट्ट्यावरची जाळी, तोंडावरचं झाकण, पुली. मग माणसांकडं वळतात. पदर खोचलाय का, बांगड्या मागं सारल्यात का, कुणाच्या गळ्यात टॉवेल तर नाही ना. अडकलं तर आधी ट्रॅक्टर बंद, मग हात. हे ते मराठीत सांगतात आणि कामाला आलेल्या माझ्या माहेरकडच्या बायकांना कन्नडमध्ये पुन्हा सांगतात.

यंदाही झाकण ट्रॉलीतच पडलेलं होतं. मशीनवाला पोरगा कुरकुरला, "अण्णा, अर्धा तास जाईल." भावजी काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात पुढं करून झाकणाकडं दाखवलं, एवढंच. पोरानं पाना काढला. मी सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुपारी चारला मळणी उरकली. एकरी आठ क्विंटलच्या आसपास पडलं, दाणा चांगला. काटा लागला तेव्हा सासूबाई रिवाजाप्रमाणं राशीला कुंकू लावून बाजूला बसल्या. पहिल्या पोत्याला आमच्याकडं 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. माझ्या माहेरीही अप्पा तसंच मोजायचे, तोच शब्द, तोच सूर. भावजींनी पोत्याला हात लावला आणि म्हणाले, "लाभ." मग दोन, मग तीन.

पाऊस त्या रात्री आलाच. मी दारातून ओरडले, "मळे बंतू!" आतून सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे की. आधण ठेवलंय."