कणझोताचे गणित आणि सरकारी खतावणी

थोरियमपासून वीज हे होमी भाभा यांच्या तीन टप्प्यांच्या अणुकार्यक्रमाचे अंतिम उद्दिष्ट होय. तेथे पोहोचण्याची एक विचाराधीन वाट त्वरकावरून जाते. प्रोटॉनांना १ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देऊन त्यांचा झोत जड धातूवर आदळवायचा आणि त्यातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांवर अणुभट्टी चालवायची. भाभा अणुसंशोधन केंद्राचा २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन त्वरक ही या वाटेवरची पहिली पायरी.

पुढची चढण मात्र फार उभी आहे. १० मिलिअँपिअरचा असा झोत म्हणजे १० मेगावॉट शक्ती. नळीच्या दर मीटरमागे साधारण १ वॉटहून अधिक शक्ती भिंतीवर सांडता कामा नये, असा जगभरचा संकेत आहे; अन्यथा यंत्र इतके किरणोत्सारी होते की दुरुस्तीसाठी माणूस जवळ जाऊ शकत नाही. याचा अर्थ, गळती मीटरमागे कोटीत एका कणाइतकीच. समान भाराचे कण एकमेकांना ढकलतात आणि झोताच्या कडेला विरळ प्रभामंडल तयार होते. ते कोठे आदळेल हे यंत्र बांधण्यापूर्वीच कळावे लागते. म्हणून संगणकात लक्षावधी प्रातिनिधिक कण सोडून प्रत्येकाचा मार्ग काढतात. लॉस अलामॉसची ‘पारमिला’, फ्रान्समधील साक्लेची ‘ट्रेसविन’, सर्नची ‘मॅड’ ही त्यासाठीची काही नावाजलेली आज्ञावली. यांपैकी ‘मॅड’ मूळ संहितेसह खुली आहे. सर्वच तशी नाहीत.

परकीय सौजन्याची मुदत किती, हे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर कळले. अमेरिकेने निर्यात-निर्बंधांच्या यादीत घातलेल्या भारतीय संस्थांपैकी भाभा केंद्राचे नाव निघाले ते जानेवारी २०२५ मध्ये.

आपण यंत्रे उत्तम घडवतो. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या त्वरकातील अजस्र चुंबक भारताने पुरविलेल्या हजारो जॅकवर तोललेले आहेत. जॅक मोजता येतो, भांडार नोंदवहीत चढवता येतो. आज्ञावली लिहिणाऱ्याची दहा वर्षे कोणत्या रकान्यात लिहायची? इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे राधानाथ सिकदार आठवतात. १८३१ मध्ये ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ म्हणून, म्हणजे गणिती म्हणून, रुजू झाले. सर्वेक्षण-पुस्तिकेतील त्यांच्या योगदानाचा उल्लेख त्यांच्या मृत्यूनंतरच्या १८७५ च्या आवृत्तीतून गळला. थिओडोलाइट मात्र संग्रहालयात जपून ठेवलेले असतात.

सेवेत असताना मी संगणक-खरेदीचे प्रस्ताव सुखेनैव मंजूर होताना आणि त्यांवर काम करणाऱ्यांच्या पदांचे प्रस्ताव वर्षानुवर्षे फिरताना पाहिले आहेत. ज्येष्ठ शास्त्रज्ञ निवृत्त होतो तेव्हा त्याची आज्ञावली उरते, पण ती अशी का लिहिली हे सांगणारे कोणी उरत नाही.

पुढील मोठ्या त्वरकाचा प्रस्ताव व्यय वित्त समितीपुढे येईल तेव्हा झोत-गणितज्ञांची कायम पदे, संहितेचे जतन आणि प्रत्यक्ष झोताशी तिचा पडताळा यांसाठीची तरतूद मूळ टिपणीतच असावी. मागाहून, पुरवणी मागणीत, अशा बाबींना कोणी वाली राहत नाही.