क्रमांकपाटीवरील दिवा निखळतो कसा?

मोटारसायकलच्या पाठीमागे, तांबड्या दिव्याच्या खाली, एक लहानसा पांढरा दिवा असतो. त्याचा प्रकाश रस्त्यावर पडावयाचा नसून केवळ नोंदणीक्रमांकाच्या पाटीवर पडावयाचा असतो. काही गाड्यांत हा दिवा स्वतंत्र असतो; काहींत तांबड्या दिव्याच्याच काचेस खालच्या अंगाला एक पारदर्शक खिडकी ठेवून काम भागविलेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०५ व्या नियमानुसार रात्री ही पाटी पांढऱ्या प्रकाशाने अशी उजळली पाहिजे की, मागे १५ मीटर अंतरावरून क्रमांक वाचता यावा. गाडीच्या दिव्यांत हा सर्वांत उपेक्षित होय.

बंगळूरसारख्या शहरात या दिव्याची गरज ती काय, असा प्रश्न कोणी विचारील. शिवसमुद्रम् येथील जलविद्युत्‌केंद्राच्या विजेवर १९०५ साली ज्या शहराचे रस्ते उजळले, तेथे रात्री उजेडाला तोटा नाही. परंतु रस्त्यावरील दिवा वरून प्रकाश टाकतो आणि पाटी आसनाच्या व मडगार्डाच्या आडोशाला असते. म्हणून नेमकी तिच्यावरच सावली पडते. नव्या वाहनांना १ एप्रिल २०१९ पासून जी अतिसुरक्षित पाटी सक्तीची झाली, तिचा पृष्ठभाग प्रकाश परतविणारा आहे, हे खरे. मात्र असा पृष्ठभाग प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवितो. मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाला पाटी लखलखीत दिसते. पदपथावर उभ्या असलेल्या माणसाला ती जवळजवळ काळोखीच राहते. एखादी गाडी पादचाऱ्यास धडक देऊन पळाली, तर क्रमांक वाचण्याचा प्रसंग बहुधा या पदपथावरच्या माणसावरच येतो.

आता हा दिवा पडतो का? सर्वसाधारण समजूत अशी की, बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हता. ही समजूत अर्धवट आहे. एका सिलिंडरच्या एंजिनात दट्ट्या वरखाली होत असता त्याचा तोल पूर्णपणे साधता येत नाही, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक गाडीच्या सांगाड्यास एक हिसका बसतो. मिनिटास ३,००० फेरे म्हणजे सेकंदास ५० हिसके. ज्या पट्टीवर दिवा व पाटी बसविलेली असतात, ती एका टोकास धरलेली आणि दुसऱ्या टोकास मोकळी असते. टेबलाच्या कडेवर दाबून धरलेल्या पोलादी मोजपट्टीसारखीच तिची अवस्था. अशा पट्टीला स्वतःची एक कंपनगती असते. एंजिनाचे हिसके त्या गतीशी जुळले की, झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या लहान लहान धक्क्यांप्रमाणे, कंपन वाढत जाते. यालाच अनुनाद म्हणतात. ठराविक वेगालाच गाडीचा मागचा भाग थरथरू लागतो, त्याचे कारण हेच होय.

या थरथरीचे परिणाम दोन प्रकारचे असतात. जोडलेले दोन भाग बोल्टाच्या आडव्या दिशेने एकमेकांवर सरकू लागले, म्हणजे आटे क्षणोक्षणी किंचित सैल होऊन चाकी आपोआप उलटी फिरते. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली हे प्रयोगाने स्पष्ट केले. दुसरा परिणाम धातूची श्रांती. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण वारंवार मागेपुढे वाकविल्याने तुटते, हा अनुभव सर्वांना आहे. रेल्वेच्या आसांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आउगुस्ट व्योलर याने केलेल्या प्रदीर्घ प्रयोगांतून असे निष्पन्न झाले की, धातू किती ताण एका वेळी सोसतो याइतकेच, तो ताण किती वेळा येतो यालाही महत्त्व आहे.

बंगळूरच्या रहदारीचा संबंध येतो तो येथे. समजा, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना एंजिन मिनिटास ४,००० फेरे घेते. म्हणजे किलोमीटरमागे ४,८०० फेरे झाले. सिल्क बोर्ड किंवा हेब्बाळ येथील गर्दीत, खालच्या गिअरमध्ये, ताशी १५ किलोमीटरने सरकताना फेरे ३,००० धरले, तरी किलोमीटरमागे ते १२,००० होतात. दररोज दोन तास असे चालले, तर महिन्याला एक कोटीहून अधिक हिसके त्या इवल्याशा पट्टीला सोसावे लागतात. गाडीवरील अंतरमापक मात्र थोडकेच अंतर दाखवितो. गाडी फारशी चालली नाही, तरी दिवा कसा पडला, या आश्चर्याचे उत्तर यात आहे. गतिरोधक आणि पावसाने पडलेले खड्डे आपली भर घालतात ती निराळीच.

दुरुस्तीपूर्वी तुटलेली जागा नीट पाहावी. ती बरेच काही सांगते. छिद्र शाबूत असून बोल्टच नाहीसा झाला असेल, तर चाकी सैल झाली होती. छिद्र लांबट झाले असेल, तर ती फार दिवस सैल होती. पत्रा तुटलेला असून त्या कडेचा काही भाग गुळगुळीत व उरलेला खरबरीत असेल, तर श्रांती निश्चित: गुळगुळीत भागात भेग हळूहळू सरकली, खरबरीत भाग शेवटी एकदम तुटला. असा पत्रा पुन्हा तेवढाच घट्ट आवळून काही साधत नाही. सांधा झाळून घेतला, तरी पुष्कळदा झाळेच्या शेजारीच नवी भेग निघते. पट्टी बदलणे हाच खरा उपाय. जयचामराजेंद्र मार्गावर सुट्या भागांची दुकाने पुष्कळ आहेत.

निखळलेल्या दिव्याहून लोंबकळणारी तार अधिक घातक असते. १२ व्होल्टांचा ५ वॉटचा दिवा अर्धा अँपियरही प्रवाह घेत नाही. पण उघडी तार सांगाड्यास टेकली की, प्रवाह एकदम वाढून फ्यूज वितळतो. पुष्कळ गाड्यांत याच फ्यूजवर मागचा तांबडा दिवाही असतो. मग मागून येणाऱ्या मालमोटारीला पुढे गाडी आहे, हेच कळत नाही. यास्तव दिवा हाती नसला, तरी तारांची टोके वेगवेगळी गुंडाळून बांधून टाकणे हे पहिले काम. आणि त्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.

नवा दिवा बसविताना रबरी बुशाकडे लक्ष द्यावे. रबर कंपन गिळते, परंतु चेपून दगड केलेले रबर काहीच गिळत नाही. म्हणून बुशात धातूची नळी असते. बोल्ट नळीवर आवळला जातो आणि रबर मोकळे राहते. ही नळी हरवलेली असेल, तर नवी घ्यावी. चाकी आत नायलॉनचे कडे असलेली घ्यावी. आटे धरून ठेवणारा द्रव प्लास्टिकच्या भागांजवळ वापरू नये, कारण काही प्लास्टिक त्याने तडकते. तारांचे सांधे डाख देण्यापेक्षा दाबून केलेले बरे. डाखाने तार ताठ होते आणि ताठ भागाच्या कडेलाच तुटते. तारेला थोडी ढील ठेवून ती जवळच बांधावी.

अतिसुरक्षित पाटीचे कुलूप एकदा तोडले की पुन्हा बसत नाही. म्हणून पट्टी बदलताना पाटी काढावी लागणार असेल, तर नवे कुलूप अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावे लागते. काम झाल्यावर रात्री गाडी उभी करून, दिवा लावून, मागे सुमारे २० पावले चालत जावे. तेथून चारही आकडे वाचता आले पाहिजेत, आणि दिव्याचा पांढरा झोत स्वतःच्या डोळ्यांत येता कामा नये.